झोप लातूरलाच राहिली

मी मोठी विमानं चालवते. मुंबईहून उडायचं आणि सोळा-सतरा तासांनी अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर उतरायचं, हे माझं काम. लातूरला आमच्या गल्लीत मात्र माझी ओळख वेगळीच होती. दुपारपर्यंत झोपणारी सून!

माहेर उमरीचं, घर शेतकऱ्याचं. तिथं दिवस उजाडल्यावर अंथरुणात दिसलं तर माणूस आजारी असणार असं धरून चालायचे. लग्न होऊन लातूरला आले. नवऱ्याचं डाळीचं दुकान. त्याला गाव सोडता येत नव्हतं आणि माझं विमान काही लातूरला उतरणार नव्हतं. म्हणून मुंबईत मैत्रिणीसोबत एक खोली, आणि सलग सुट्टी मिळाली की रात्रीच्या रेल्वेनं घर. घरी पोचायचे तेव्हा लातुरात सकाळ असायची आणि माझ्या अंगात रात्र. चहा घेऊन मी खोलीत जायचे, पडद्यांच्या फटी कपड्यांच्या चिमट्यांनी बंद करायचे आणि मेल्यासारखी झोपायचे. हॉटेलात आम्ही सगळे पायलट हेच करतो, फक्त तिथं चिमटे हँगरचे असतात.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तसंच म्हणतात. आत्या मनानं चांगल्या, पण दिवसा झोपलेलं माणूस त्यांना बघवत नसे. त्यात आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो तेव्हा घरादारानं पळायचं असतं. एकदा मी आले त्याच सकाळी नळ आला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या.

"सून उठली न्हाई का अजून?"

"प्रवासानं दमलीय," आत्या म्हणाल्या. पण हातातली बादली त्यांनी अशी आपटली की मी खोलीत ताडकन उठून बसले. बाहेर येऊन घागरी भरू लागले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, रागावू नकोस, पण विमान आपोआप चालतंय म्हणत्यात. मग तू दमतीस कशानं?"

मी वेळेचा फरक, शरीराचं घड्याळ, सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मंग पोह्याला कांदा चिरू का?"

हे असंच चाललं असतं, पण घरच्यांसाठी कंपनीचं सवलतीचं तिकीट मिळतं. नवऱ्याला तुरीच्या हंगामात दुकान सोडवेना. तो म्हणाला, "आईला ने." व्हिसाचे हेलपाटे झाले आणि आत्या धपाटे, शेंगदाण्याची चटणी अन् मफलर घेऊन निघाल्या. हे तिकीट असं असतं की जागा रिकामी राहिली तरच आत घेतात. मला आधीच विमानात जावं लागलं होतं. त्या बाहेर बॅग पोटाशी धरून बसल्या. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी म्हणे विचारलं, "रुमाल टाकून जागा धरता येत न्हाई का, एसटीत धरतो तशी?" ती मुलगी नांदेडची निघाली! तिनं खिडकी दिली.

एवढ्या लांबच्या उड्डाणाला आम्ही चार पायलट असतो. दोघं चालवतात, दोघं विश्रांती घेतात. माझी विश्रांतीची पाळी आल्यावर मी आधी आत्यांकडे गेले. मला गणवेशात समोर बघून त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"तू हितं? मंग तिकडं कोन हाय?"

शेजारच्या माणसानं कानातले हेडफोन काढले.

"दोघं आहेत आत्या. मला आता झोपायची पाळी आहे."

"कामावर झोपायची पाळी?"

"नियम आहे. न झोपता चालवू देत नाहीत."

आत्या माझा हात धरून म्हणाल्या, "जा मंग. उभी काय राहिलीस? जा, झोप आधी."

सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तेव्हा टळटळीत दुपार होती. त्यांना समुद्र बघायचा होता. मी म्हटलं उद्या जाऊ, त्या म्हणाल्या, "मला काय झालंय?" किनाऱ्यावर बाकावर बसलो. गार वारा, मफलर कानाला बांधलेला. आत्या सांगत होत्या की उदगीरच्या त्यांच्या आत्तेबहिणीच्या मुलीला स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, फक्त... आणि पुढचा शब्द आलाच नाही. मान माझ्या खांद्यावर. समोरून कुत्री गेली, सायकली गेल्या, कुणाचं तरी बाळ रडून गेलं. आत्या हलल्या नाहीत. माझाही डोळा कधी लागला ते कळलं नाही. आत्या जाग्या झाल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. त्या गोंधळून इकडंतिकडं बघू लागल्या.

"मी झोपले व्हते?"

"हो."

"असं चारचौघांत? बाई गं!" त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "अंग हितं आलं बघ, झोप लातूरलाच राहिली."

मी इतक्या दिवसांत जे समजावू शकले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीपासून त्या टक्क जाग्या होत्या, खिडकीत बसून धपाटे खात. "तुला दर खेपेला असं व्हतंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी अर्धा धपाटा माझ्या हातावर ठेवला.

लातूरला परतल्यावर आम्ही दोघी शेजारच्या खोल्यांत झोपलो. नळ येऊन गेला तरी आत्या उठल्या नाहीत. पाणी नवऱ्यानं भरलं, आणि शेजारच्या काकू डॉक्टरांचा नंबर घेऊन दारात आल्या.

त्यानंतरच्या सुट्टीत मी झोपेत असताना बाहेरून आत्यांचा आवाज कानावर आला. दाराशी भाजीवाला ओरडत होता.

"हळू बोल रं! आत पायलट झोपलीय."

काकूंनी काहीतरी विचारलं असावं. त्यावर आत्या म्हणाल्या, "रातच्याला साडेतीनशे मानसं घेऊन येती ती. तुम्ही घेऊन या, मंग तुमालाबी झोपू देईन."

आता मी कुठंही असले तरी त्यांचा फोन येतो. पूर्वी विचारायच्या, जेवलीस का. हल्ली पहिला प्रश्न, "किती झोपलीस?" परवा मी परदेशातल्या हॉटेलातून सांगितलं, "झाली आत्या, मस्त झाली."

"आवाज तर तसा येत न्हाई," त्या म्हणाल्या. "फोन ठेव. उद्या बोलू."

आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनीच फोन ठेवला.