पुड्यावर माझं कुंकू नको म्हणे

मैत्रिणींनो, सकाळपासून डोकं भणभणून राहिलंय, म्हणून इथं लिहिते.

आमी कुरुंद्याला घरच्या हळदीचे पुडे विकतो. पुड्यावर आमची गोष्ट छापायची म्हणून आज शहरातून एक ब्रँडवाले सर आले होते. म्हणाले, "ताई, लोक हळद घेत नाहीत, गोष्ट घेतात."

मी आमची गोष्ट सांगितली. हळद शिजवणं, दळणं आमच्या ह्यांच्याकडं. निवडणं, पुडे भरणं माझ्याकडं.

सरांचं तोंड उतरलं. "नवरा असला की गोष्टीत दम राहत नाही. एकट्या बाईचा संघर्ष दाखवू. फोटोपुरतं कुंकू पुसता का?"

अहो, ते कुंकूसुद्धा मी घरच्या हळदीचंच केलेलं! आणि ज्यांना गोष्टीतून काढायचं होतं, ते समोरच उभे. माझ्या तोंडावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलचा तुकडा धरून!

मी म्हणलं, "काहून पुसू? हे मेले का?"

"मेले कुठं लिहितोय? फक्त त्यांचं नावच घ्यायचं नाही."

त्यावर आमच्या ह्यांनी काय म्हणावं? "पुस की. पुडे खपले म्हणजे झालं."

सरांपेक्षा ह्यांचाच जास्त राग आला. मी उठले, फोटो काढूच दिला न्हाई. सर गेले. हे अजून थर्माकोल कुठं ठेवू विचारून राहिले.

खरं सांगा, पुड्यावर नवरा-बायको दोघं हसताना दिसले, तर तुमच्या भाजीला रंग येणार न्हाई का?