चंद्रीनं बसायचं कुठं?

घरात रिकामे डबे कसे जमतात? मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत, आणि एक दिवस फळी भरून जाते. मिशनच्या शाळेतले किस्से माझ्याजवळ असेच जमलेत. परवा भजनाला बसलेल्या बायकांनी विचारलं, "बाई, तुम्ही येवढी वर्सं त्या सिस्टर लोकांत काढली, बिघडला कशा न्हाईसा?"

म्हटलं, बिघडले की! टाळ ठेवा खाली आणि ऐका.

साहेबाच्या राज्यातली गोष्ट. मी वडगावच्या विणकराची पोर, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली. खानापूरच्या वाटेवर एका गावात कॅथलिक मिशननं प्राथमिक शाळा काढली होती, तिथं मास्तरीण म्हणून लागले. शाळा म्हणजे एक मोठी कौलारू खोली, पुढं लांबलचक व्हरांडा आणि शेजारी चर्च. हेडमिस्ट्रेस सिस्टर आग्नेस, मंगळूरकडची. अंगानं एवढीशी, पण हाक मारली की शेतातली माणसं वर बघायची! चर्चचे फादर लुईस गोव्याचे. म्हातारे, तपकीर ओढणारे, गरीब स्वभावाचे.

गावातली झाडून सगळ्या घरची पोरं यायची. आणि यायची चंद्री, भीमा चांभाराची लेक. भीमानं तिला पहिल्यांदा आणलं तेव्हा पायरीच्या खालीच उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, मी बी शाळंत गेलतो. मला भाईर बशिवलं हुतं. पावसाची झड आली की माझी शाळा सुटायची, आतल्यांची न्हाय. पोरीला आत बशिवतासा तर ठेवतो. न्हाय तर संगट घिऊन जातो."

"आत," सिस्टर म्हणाली.

झालं! त्या एका शब्दापायी आम्हांला किती निस्तरावं लागलं म्हणून सांगू.

*

तेव्हा बाकंबिकं नव्हती. ज्यानं त्यानं बसायला घरनं पोतं आणायचं. दुसऱ्या दिवशी बघते तर चंद्रीचं पोतं या भिंतीला आणि बाकी सगळी पोती त्या भिंतीला खेटून. पाटलांचा बाळू तर भिंतीत शिरायचाच बाकी होता!

माझं डोकं फिरलं. सिस्टर मात्र पोती मोजत होती. शुक्रवारी शिवणाचा तास आला तशी तिनं सगळी पोती गोळा केली, पोरींच्या हातात दाभण आणि सुतळी दिली, आणि पोत्याला पोतं जोडून भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच लांब पट्टी शिवून घेतली. शनिवारी पोरं त्या पट्टीवर जागा मिळेल तिथं बसली. कोपराच राहिला नाही तर कोपऱ्यात कोण बसणार?

सोमवारी पाटील आले. आमचे पाटील म्हणजे आधी मिशा यायच्या, मागनं पाटील.

"आमचं पोतं परत द्या."

"घ्या की," सिस्टर म्हणाली. "ओळखा आणि उसवून न्या."

पाटील कंबरेत वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. तिकडनं परत इकडं आले. अहो, सगळ्या गावाची पोती शहरातल्या खडेबाजारात एकाच दुकानातली! ओळखणार काय, डोंबल? शेवटी पाठ धरून उभे राहिले नि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जुनंच हुतं."

*

पाण्याचं तर विचारूच नका. माठातलं पाणी एकानं वरनं ओतायचं, बाकीच्यांनी ओंजळीनं प्यायचं. दर आठवड्याला एकाची पाळी. चंद्रीची पाळी आली की अर्धी शाळा तहानलेली! मार्चचं ऊन, पोरांचे ओठ सुकलेले, पण माठाकडं कुणी फिरकायचं नाही. मी म्हटलं, "सिस्टर, दोन शब्द सुनावू काय?"

"नको बाई. ऊन आपल्या बाजूनं आहे."

पण उन्हाच्या आधी मदतीला आलं भडंग! बाळूनं मधल्या सुट्टीत घरनं आणलेलं भडंग बकाबका खाल्लं आणि त्यातली अख्खी मिरची चावली. कान लाल, नाक गळतंय, तोंडानं हाऽ हाऽ करत पोरगं माठाकडं धावलं. तिथं चंद्री तांब्या घेऊन उभी. पोरगी भारी द्वाड! तांब्या वर धरून म्हणते, "आदी सांग. माझ्या हातचं पाणी पिऊन बाटतोस का न्हाय?"

"बाटतो गं बाई, बाटतो! पण घाल!"

मी पदर तोंडात कोंबला. आणि तुम्हांला सांगते, दुसऱ्या दिवसापासून हा बाळू भडंग न खाताही बाटायला लागला. त्याच्या मागनं बाकीचे.

*

ही बातमी पोरांनी घरी कळूच दिली नाही. पाटलांच्या घरी पोचली ती दुसरीच.

आमच्या शाळेत सकाळी प्रार्थना व्हायची आणि शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं. पोरांना त्या शब्दाची भारी हौस, कारण तो म्हटला की खाली बसायला मिळायचं. पुढं गणपती आले. पाटलांच्या घरी आरतीला अख्खी आळी जमलेली. मीही होते. आरती संपली, सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले, आणि बाळू खणखणीत आवाजात म्हणाला, "आमेन!"

पाटलांनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. लोक माझ्याकडं बघायला लागले. मी गणपतीकडं.

पाटलांची आई म्हातारी, पण सगळ्यांत वरचढ. तिनं नातवाला विचारलं, "काय म्हणलास रं? म्हंजे काय?"

"म्हंजे तसंच होऊ दे, असं."

म्हातारीनं मान हलवली. "बरं हाय की! आपल्यात येवढं मागतो नि हे म्हणायचंच ऱ्हाऊन गेलंय."

विसर्जनापर्यंत त्या घरात रोज आरतीनंतर सगळी आळी एका सुरात आमेन म्हणत होती. एकटे पाटील तेवढे दात आवळून उभे.

*

आता तुम्हांला वाटेल, ही सोवळ्याओवळ्याची भानगड आमच्यातच. छे! किरिस्तांवांतही एकेक नमुने होते. पास्कूबाब म्हणून एक लाकडाचे ठेकेदार. कणकुंबीच्या जंगलात त्यांचं काम चालायचं. चर्चमध्ये पहिल्या ओळीत बसायचे आणि गरीब किरिस्तांव शेजारी बसला तर घसा खाकरायचे.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुवायचे. येशूनं आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते ना, म्हणून. पुढच्या वर्षी फादरनी बाराजणांत भीमा चांभाराला बोलावलं. पास्कूबाब तणतणत आले.

"फादर, तो कॅथलिक नाही!"

फादरनी शांतपणे तपकीर ओढली. "त्या बाराजणांतला कोण कॅथलिक होता रे, पास्कू?"

पास्कूबाब पाय आपटत गेले, पण बाराजणांत स्वतःही बसले. गुरुवारी मी दारातनं बघत होते. एकेकाचे पाय बघाल तर साबणानं घासून, वजरीनं खरवडून, तेल लावून आणलेले! पास्कूबाबांनी तर अत्तर लावलं होतं. फादर आपले पाणी घालतायत नि पुसतायत. शेवटचा भीमा. कातडं भिजत घालून थेट कामावरनं आलेला. पोटरीपर्यंत राड. बिचारा लाजेनं पाय मागं घेत होता.

फादरनी तो पाय धरला, चांगला दोन्ही हातांनी चोळचोळून धुतला. मग घाम पुसत म्हणाले, "देव तुझं भलं करो, भीमा. या बाकीच्यांनी मला आज कामच ठेवलं नव्हतं!"

मला हसू आलं आणि रडूही आलं. काय करावं कळेना, म्हणून बाहेर येऊन चिंचेखाली उभी राहिले.

*

पण हेच पुढं अंगाशी आलं. फादरनी चांभाराचे पाय धरले, ही गोष्ट गावभर झाली. पाण्याचंही फुटलं. पाटलांनी सिस्टरला चावडीवर बोलावलं. मी सोबत गेले. पाटलांच्या शेजारी चार मोठी माणसं बसलेली.

"सिस्टर, लई झालं. उद्यापास्नं ती चांभाराची पोरगी व्हरांड्यात. न्हाय तर आमची पोरं घरात. येक बी धाडणार न्हाय."

मला वाटलं, आता सिस्टर असा आवाज काढते की चावडीची कौलं हलतील! पण ती खाली मान घालून म्हणाली, "बरं. व्हरांड्यात बसवते."

भीमाचं बोलणं माझ्या कानात होतं. पोरगी बाहेर बसली की तो तिला घेऊन जाणार, आणि एकदा गेली की परत कुठली येते! वाटेत मी भांडले. चक्क भांडले! "असं कसं ओ सिस्टर? त्याला शब्द दिलासा की तुम्ही! मग एवढे दिवस केलं ते कशासाठी?"

सिस्टर चालत राहिली. शाळेच्या फाटकापाशी आल्यावर म्हणाली, "बाई, सकाळी जरा लवकर या. फळा जड आहे."

सकाळी आम्ही दोघींनी तो फळा ओढत बाहेर आणला. खुर्ची बाहेर. टेबल बाहेर. घंटा झाली तशी जे पोरगं येईल त्याला सिस्टर व्हरांड्यातच बसवत गेली. पाटलांचा बाळू, दुकानदारांची पोरं, पास्कूबाबांची मुलगी, सगळी ओळीनं. वारा छान लागत होता. पोरं खूष!

भीमा चंद्रीला घेऊन आला. लांबनंच व्हरांडा बघितला आणि पोरीचा हात धरून माघारी वळला. सिस्टर ओरडली, "भीमा! आत कोण आहे ते बघून जा!"

तो खिडकीशी आला. आत डोकावला. खोली रिकामी. मग व्हरांड्यातली सगळी तोंडं बघितली. "समदीच भाईर?"

"सगळीच."

त्यानं चंद्रीला ओळीच्या शेवटी बसवलं आणि तोंडावर हात ठेवून हसत हसत गेला.

दुपारच्या आत पाटील आलेच. काठी आपटत. "हे काय, सिस्टर?"

"तुम्ही व्हरांड्यात म्हणालात."

"समद्यांस्नी म्हणालो व्हय?"

"फळा एकच आहे, पाटील. आत नि बाहेर मी किती पळू?"

"मग आत कोण बसायचं?"

"तुम्ही बसा की. सगळी खोली मोकळी आहे."

पाटील भडकले आणि रागारागानं खरंच आत गेले! आम्ही इकडं पाढे सुरू केले. पोरं जोरजोरात म्हणतायत, आत पाटील एकटे उभे. एकदा या भिंतीकडं गेले, एकदा त्या भिंतीकडं. खिडकीतनं बाळूकडं बघितलं. बाळू पाढे म्हणण्यात दंग.

सातचा पाढा संपत आला तेव्हा पाटील दारात आले. काठी भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या आणि ओळीच्या शेवटी येऊन उभे राहिले.

"सर गं पोरी जरा."

चंद्रीनं मान वर करून बघितलं. "आप्पा, आत लई जागा हाय की!"

"हाय गं," पाटील म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू तिच्या शेजारी खाली बसले. "पर एकट्यानं आत बसून काय करू?"