खताच्या कव्हरातली मनकर्णा

सिद्राम स्पीकरवाल्याच्या दारात जुन्या रेकॉर्डी विकत मागायला एक चारचाकी येऊन थांबली. चाळीस वर्षं लग्नांत, बारशांत, जयंतीच्या मिरवणुकांत रेकॉर्डी वाजवलेला हा माणूस. पुढं कॅसेट आली, डीजेच्या भिंती आल्या आणि त्याच्या दोन ट्रंका पलंगाखाली गेल्या त्या गेल्याच. भंगारवाल्यानंसुद्धा नाक मुरडलं होतं. आणि आता म्हणे लोक रेकॉर्डी शोधत दारोदार हिंडतात.

आलेला पोरगा अनीश. पुण्याची कंप्युटरची नोकरी सोडून सोलापूरच्या नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात, कॅफे काढलेला. तिथं तो जुन्या रेकॉर्डीही विकायचा. घेणारे सगळे आपल्याच वयाचे, तरणे, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. बार्शीचा एक दातांचा डॉक्टर होता. माळशिरसची एक नवी नवरी होती, तिच्याकडं तर वाजवायचं यंत्रही नव्हतं, नुसती भिंतीला लावायची. सिद्राम हसला, पण त्याचं लक्ष अनीशच्या हातांकडं होतं. तो प्रत्येक रेकॉर्ड कडेनं धरून उचलत होता. एवढं जपून उचलणारा माणूस काय शोधतोय, या विचारानं सिद्रामला धास्ती वाटली.

पहिल्या खेपेला सिनेमाची गाणी गेली, दुसऱ्या खेपेला भीमगीतं. ट्रंका हलक्या होत चालल्या तशी म्हाताऱ्याची झोप उडाली. कारण त्यांत एक रेकॉर्ड अशी होती, जी काही झालं तरी जायची नव्हती.

ती मनकर्णाची. सिद्रामची बायको, तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरुणपणी ती गायन पार्टीत गायची आणि केव्हाच बंद पडलेल्या एका लहानशा कंपनीनं तिची छोटी रेकॉर्ड काढली होती. तिच्या प्रती जयंतीला वाजवायला म्हणून लोकांनी नेल्या त्या परत आल्या नाहीत. ही शेवटची उरली. तिचा आवाज दुसरा कुठंच नव्हता. सुई दर वेळी थोडा आवाज खरवडून नेते असं सिद्रामनं मनाशी घेतलं होतं, म्हणून तो वर्षातून एकदाच, तिच्या पुण्यतिथीला ती लावायचा.

तिसऱ्या खेपेला अनीश चहा पिता पिता म्हणाला, "काका, मनकर्णाबाईंची एक रेकॉर्ड निघाली होती म्हणतात. दोन वर्षं शोधतोय. मला विकत नको. इथंच बसून एकदा कॉपी करून घेतो, बास."

तिचं नाव या परक्या पोराच्या तोंडी आलंच कसं? खरं तर पोरगा सरळ बोलत होता. पण भ्यालेल्या माणसाला सरळ बोलणंही वाकडंच ऐकू येतं.

"माझ्याकडं न्हाय," सिद्राम म्हणाला. "कवाच गेली ती."

अनीश गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि धंद्यातली जुनी युक्ती केली. मांडवात दुसरे स्पीकरवाले चांगली रेकॉर्ड बघता बघता लंपास करायचे, म्हणून प्रत्येक जण आपला हुकमी माल टाकाऊ कव्हरात लपवायचा. खताची जाहिरात, कुणाचं तरी भाषण, असल्या कव्हरांना कोण हात लावतो? मनकर्णा खताच्या कव्हरात गेली आणि कव्हर टाकाऊ गठ्ठ्याच्या मधोमध. त्यानं हे पोटच्या पोराला, प्रदीपलाही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात असताना अनीश घरी येऊन गेला. प्रदीप गुणी पोरगा, एका शाळेत क्लार्क. दवाखान्यात येऊन त्यानं बापाला सांगितलं, "आबा, काळजी करू नका. चांगल्या एकीलाही हात लावू दिला नाही." सिद्राम बऱ्याच दिवसांनी गाढ झोपला.

घरी आल्यावर आठवडाभर वाकायची बंदी होती, ती संपताच त्यानं काळा चष्मा लावूनच ट्रंक उघडली. गठ्ठा जागेवर नव्हता. टाकाऊ तेवढा अनीशला दिला, कॅफे सजवायला मागत होता, असं प्रदीपनं सांगितलं. सिद्राम अनवाणीच रिक्षात बसला, मागोमाग प्रदीपही. वाजवणार नाहीत म्हणजे असतील तशाच, असं तो वाटभर बडबडत होता.

कॅफेच्या भिंतीवर कव्हरं फ्रेममध्ये लावली होती. खताचंही होतं, पोतं खांद्यावर घेऊन हसणाऱ्या शेतकऱ्याचं.

"आतल्या रेकॉर्डी कुटं हायत?"

अनीशनं हौसेनं टेबलांकडं बोट दाखवलं. ओव्हनमध्ये तापवून, मऊ झाल्या की भांड्यावर दाबून त्यानं त्यांच्या वाट्या केल्या होत्या. प्रत्येक टेबलावर एक, तीत खारे शेंगदाणे.

सिद्राम एकेका टेबलावर शेंगदाणे ओतत सुटला. गिऱ्हाइकं खुर्च्या सरकवून उठली. चौथ्या वाटीच्या तळाशी, मिठाखाली, गोल कागदावरची अक्षरं त्याला नव्या डोळ्यानं स्वच्छ दिसली. मनकर्णा आणि पार्टी.

अनीशनं वाकून वाचलं आणि अक्षरांवरचं मीठ बोटानं पुसलं. "काका, तुम्हीच नाही म्हणालात. मी एकही लावून बघितली नाही."

"व्हय," सिद्राम म्हणाला. "मीच न्हाय म्हणालो."

प्रदीप त्याला धरून बाहेर घेऊन आला. पायरीवर बसून सिद्रामनं डोळे मिटले आणि तिचं गाणं मनात लावायला गेला. शब्द सगळे आले, चालही आली. पण आवाज तिचा नव्हता, म्हणत होता तो स्वतःच. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मग तिसऱ्यांदा, आणि घाबरून प्रदीपचा दंड घट्ट धरला.