माबेल्यातली शुक्रवारची बैठक

एका सशस्त्र संघटनेच्या इतिहासाला वळण देणारा तो दिवस मी जन्मात विसरणार नाही, असे मी पोलीस खात्यातल्या माझ्या निरोप समारंभात म्हणालो होतो. खरे तर इतिहासाला माझी मदत लागली नव्हती. मी ओमानमध्ये एका एसी मेकॅनिकला भेटायला गेलो होतो.

आमच्या शहरात पोलीस चौक्यांवर हल्ले करणारी ती संघटना शस्त्रे खाली ठेवून निवडणूक लढवणार होती. महिनाअखेरपर्यंत शरण येणाऱ्यांना शासनाने सवलतीची योजना जाहीर केली. एक फरारी मात्र सापडत नव्हता. मुदत टळली, की त्याला घराचा रस्ता बंद.

त्या हल्ल्यांचा तपास मी केला होता, पण तेव्हा माझी नेमणूक कोकणात होती. ओमानहून रजेवर आलेला एक ड्रायव्हर पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यात आला. माणूस बोलका.

"साहेब, मस्कतजवळ माबेल्यात आमच्या खोलीत एक एसी मेकॅनिक आहे. शुक्रवारी जेवण झालं की सगळ्यांना गोल बसवतो. प्रत्येकानं आठवड्यातली आपली चूक सांगायची. मी बेसिन तुंबवलं, तर अर्धा तास भाषण! आमचा अर्बाब, तिथला मालकसुद्धा एवढा बोलत नाही."

मी पेन खाली ठेवले. बैठकीत आत्मटीका हा त्या संघटनेचा दंडक. नाव, गाव, मिशी बदलून राहिलेल्या माणसाला तेवढी सवय बदलता आली नव्हती.

वरिष्ठांनी परवानग्या मिळवल्या. तिथल्या पोलिसांनी जवळच्या सीबच्या ठाण्यात एक खोली दिली, वर कहवा आणि खजूर. दोन तास तो मेकॅनिक एकच वाक्य बोलला, "तुमचा माणूस मी नाही." दरडावायची सोय नव्हती, ठाणे दुसऱ्याचे होते. मी फाइल मिटली.

"माझी चूक सांगतो," मी म्हणालो. "हल्ल्यानंतर तुझ्या बायकोला मी तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तिला काही माहीत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

तो खजुराच्या बिया ओळीत लावत राहिला.

"चूक सांगायची तर पूर्ण सांगा, साहेब. चौथ्या दिवशी दुपारी सोडलंत."

"आणि तुझी?"

"मी समोरच्या गल्लीतून बघत होतो. पुढे आलो नाही." मग हळूच म्हणाला, "ती घरात घेईल?"

"ते योजनेत लिहिलेलं नाही."

तो मुदतीच्या दोन दिवस आधी शरण आला. आरोपीला बोलते करायचे तर आधी आपण खरे बोलावे, एवढे मी त्या खोलीत शिकलो. अहवालात अर्थात 'कौशल्यपूर्ण चौकशी' असे लिहिले.

तो सुटून आल्यावर संघटनेच्या नव्या पक्षाने त्याला त्याच्याच वॉर्डातून उभे करायचे ठरवले. सोडतीत तो वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. आता त्याची बायको नगरसेविका आहे. तिच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून तो लोकांचे रेशन कार्डाचे अर्ज भरून देतो.