एकतर्फी सुपारी

दिलेला शब्द हाच माणसाचा खरा दागिना, असं गंगाखेडच्या आमच्या कापडदुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. त्याच्याच खाली, जरा ठळक अक्षरांत, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असंही होतं. माझ्या वडिलांना, आप्पांना, या दोन वाक्यांत काही फरक वाटत नसे.

ते दुकान चालवत आणि सोयरिकी जमवत. त्यांनी जमवलेली सोयरीक मोडली, असं तालुक्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. निदान त्यांच्या तोंडावर. सुपारी फुटली की विषय संपला. नंतर कितीही चांगलं स्थळ आलं तरी त्याला चहासुद्धा पाजायचा नाही.

अशा माणसापुढे मी बारावीच्या वर्षी, दिवाळीनंतर, परराज्यातल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठाचा अर्ज ठेवला. माहितीपत्रकावर हिरवळ होती आणि हिरवळीवर 'उद्याचं नेतृत्व' मांडी घालून हसत बसलं होतं. माझे गुण नेतृत्वाचे नव्हते. दहावीत गणिताने मला जेमतेम पुढे सोडलं होतं आणि अकरावीत भौतिकशास्त्राने तेवढीही माया दाखवली नव्हती. पण तिथे लवकरची एक फेरी होती. त्यात लिहून द्यायचं, की तुम्ही मला घेतलंत तर मी दुसरीकडे कुठेही जाणार नाही. असं लिहून दिलं की गुणांकडे जरा सैल नजरेने बघतात, असं ऐकलं होतं. ज्याच्याकडे मतं नाहीत त्याने निष्ठा दाखवावी, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पालकाची सही लागत होती. आप्पांनी मजकूर माझ्याकडून दोनदा मराठीत वदवून घेतला, हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि सही केली. मग देवघरात एक अख्खी सुपारी ठेवली.

पालमची आत्या तेव्हा आमच्याकडेच होती. "आन् त्यांनी काय दिलं?" तिने विचारलं.

"ते मागून कळवणार हायत."

"म्हंजे सुपारी आपुनच ठेवायची, आन् ते बघत बसणार ह्याच्यापरीस चांगली पोरगी मिळती का म्हणून? दादा, असली सोयरीक तू दुसऱ्या कुणाची जमवली असतीस का?"

आप्पांनी सुपारीवर हळदकुंकू वाहिलं.

आत्या रिकाम्या हाताने आली नव्हती. पालमला खताचं दुकान असलेलं एक घर तिने माझ्यासाठी बघून ठेवलं होतं. "घाई न्हाई," ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "शिकायलीय तवर शिकू द्या. मधी एखादं वरीस मोकळं गेलं, तर मग बघू." प्रेमळ बाई. पण ते मोकळं वरीस त्या दिवसापासून आमच्या घरात राहायला आलं.

गळीत हंगाम सुरू झाला. साखर कारखान्याची काळी राख वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरू लागली. तेवढ्यात राज्याच्या सीईटीचे अर्जही सुरू झाले. वर्गातल्या सगळ्या मुली भरत होत्या.

"आप्पा, मीपण भरते. तिथं न्हाई झालं तर असू द्या."

"माय, जबान दिली का न्हाई?"

"त्यांनी घेतलं तरच जायचंय. दुसरीकडं अर्ज करू नका, असं कुठं लिव्हलंय?"

"लिव्हलेलं सोड. सुपारी देवापुढं असताना दुसऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचं? उद्या त्यांना कळलं तर काय म्हणतील?"

विद्यापीठाच्या कानावर हे नेमकं कोण घालणार होतं, ते मी विचारलं नाही. आत्याचा फोन दर आठवड्याला येई. आधी विद्यापीठाचं काय झालं ते विचारी, मग खताच्या दुकानाला नवं गोदाम झाल्याचं सांगे. आई मला भाकरी थापायला बसवू लागली. 

सीईटीची शेवटची तारीख आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचं उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. मी ते गल्ल्याजवळ उभी राहून वाचून दाखवलं.

"म्हंजे हो का न्हाई?"

"दोन्ही न्हाई. पुढच्या फेरीत बाकीच्यांसंगं बघू म्हणायलेत."

"सुपारी खिशात घातली म्हण की. आन् आपण?"

"आपण थांबायचं."

आप्पा घरात गेले, देवघरातली सुपारी उचलून आणली आणि खिशात टाकली. भरदुपारी दुकानाचं शटर ओढताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. "चल," म्हणाले. आम्ही नेट कॅफेकडे निघालो. तारीख काल गेली, हे मी रस्त्यात सांगितलं. ते चालतच राहिले.

"सीईटीची मुदत काल संपली ना?" मी कॅफेवाल्याला विचारलं. त्याने मान वर केली. "कोण म्हणलं मुदत संपली? वाढली की, आप्पा."

"का वाढली?"

"दर साली वाढती."

आप्पा दारातच थबकले. "सरकारनं तारीख दिली हुती ना पण?"

"दिली हुती की," तो म्हणाला आणि माझा फोटो मागितला.

फोटोमागे पांढरा रंग हवा होता. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं माझ्यामागे ताणून धरलं. त्यावर राखेचे ठिपके होते. फोटो चालला.