विहिरीचे नमुने नेणारे भाऊ

ब्रह्मपुरीच्या रस्त्यावरचा पेट्रोलपंप कधीच बंद पडला, पण त्याच्या जुन्या टाकीतून गळलेलं पेट्रोल जमिनीखालून शेजारच्या बाईंच्या विहिरीत पोचलं होतं. तेव्हापासून विहीर वापरायला बंदी होती आणि दर महिन्याला भूजल खात्याचे एक भाऊ पाण्याचे नमुने न्यायला येत. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. येत ते एसटीने. नमुन्याच्या दिवशी पेट्रोलच्या गाडीला हात लावायचा नाही, वास बाटलीत उतरतो, असा त्यांचा नेम. मी मोटारसायकलने स्टँडवर सोडतो म्हटलं की दोन पावलं मागे सरकत. एकदा मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी भरपूर अत्तर लावलं होतं, म्हणून भाऊंनी त्यांना नम्रपणे लांब कडुलिंबाखाली उभं केलं. साहेबांनी तिथूनच भूजलावर भाषण केलं. कडुलिंबाने ते शांतपणे ऐकून घेतलं.

बाई दर वेळी विचारत, "काहो भाऊ, माही विहीर कधी सुटन? टँकरच्या पाण्यात डाळ शिजून नाई राह्यली."

"पाणी सांगन, बाई. मी फक्त नेतो."

परवा ते आले, तर हातात बाटल्यांची पेटी नव्हती.

"बाई, सारे रिपोर्ट चांगले आले. विहीर सुटली."

बाई दोर आणायला घरात धावल्या.

"हे टपालानंही कळलं असतं," मी म्हणालो.

"कळलं असतं."

विहिरीच्या पाण्यात शिजलेली डाळ जेवून ते उठले आणि माझ्या मोटारसायकलवर मागे ऐसपैस बसले.

"चला भाऊ, सोडा स्टँडवर. पेट्रोल हाये ना गाडीत?"