खडूचं टेबल

जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात हाडं झिजवलेल्या फिटरकाकांनी निवृत्त होताच गाडी विकली आणि रिकाम्या गॅरेजच्या फरशीवर खडूने स्वतःचं वर्कशॉप आखलं. इथे टेबल, तिथे ड्रिल मशीन, मधे लांब फळी वळवण्यापुरती जागा. खात्री करायला फळी खांद्यावर घेऊन ते गरकन फिरलेही. कुठेच अडलं नाही, तशी त्यांची छाती फुगली.

"म्हातारपणी हे काय खूळ!" म्हणत काकू चहा टाकायला गेल्या.

मुलगा आला तो थेट रेघा तुडवत.

"अरे, टेबलावरून चाललास!" काका खेकसले.

"कुठाय टेबल, बाबा?" तो हसला.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. भरले कप सांभाळत त्यांनी खडूच्या टेबलाला अख्खा वळसा घातला आणि मुलाला म्हणाल्या, "एवढं मोठं टेबल दिसत नाही होय रे तुला?"